पहिली स्नीकर जोडी: आधी तळ बघा, मग नाव

हिंदी बिग बॉसच्या सोळाव्या पर्वात पुण्याच्या ताडीवाला रोडवरून आलेल्या रॅपर एमसी स्टॅनच्या ऐंशी हजारांच्या बुटांची चर्चा झाली. ज्या घरांत बूट म्हणजे शाळेचे काळे आणि पीटीचे पांढरे एवढंच माहीत होतं, तिथेही मग जेवताना स्नीकर्सचा विषय निघू लागला. ऐंशी हजारांचं राहू द्या. हा लेख तीन ते बारा हजारांत पहिली धड जोडी घ्यायला निघालेल्यांसाठी आहे. या पट्ट्यात फसणारे बहुतेक जण एकाच क्रमाने फसतात. आधी बाजूची खूण बघतात, मग रंग, मग किंमत. तळाकडे लक्ष जातं ते तो आ वासतो तेव्हा. तेव्हा क्रम उलटा करू: पाय, तळ, वरचं कातडं किंवा कापड, आणि शेवटी नाव.

पाय मोजा, तोही संध्याकाळी

‘मला आठ लागतो’ हे वाक्य दुकानात कामाचं नाही. कोणाचा आठ, हा पहिला प्रश्न.

दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा फुगतो, म्हणून संध्याकाळी मोजायचा. कोरा कागद भिंतीला भिडवून फरशीवर चिकटपट्टीने लावा. जे मोजे घालणार असाल तेच घाला, टाच भिंतीला टेकवा आणि सरळ उभे राहा, वजन दोन्ही पायांवर सारखं. खुर्चीत बसून मोजलं तर माप कमी येतं. सगळ्यांत पुढे आलेल्या बोटासमोर पेन्सिल उभी धरून खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं शेजारचं बोट लांब असतं. वाकून स्वतःच खूण केली की वजन पुढे येतं, म्हणून हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगा. भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मग दुसरा पाय. दोन्हींत चार-पाच मिलिमीटरचा फरक निघाला तर घाबरू नका, मोठा पाय धरा.

आता बुटाच्या जिभेच्या आत शिवलेली किंवा चिकटवलेली छोटी चिठ्ठी बघा. तिच्यावर यूएस, यूके, ईयू आणि सेंटीमीटर असे चार आकडे असतात. आपल्याकडे दुकानदार बोलतात तो यूकेचा आकडा. पण त्यात सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. नाइकीचा पुरुषांचा यूके ८ म्हणजे यूएस ९, ईयू ४२.५ आणि २७ सेंटीमीटर. ॲडिडासचा यूके ८ म्हणजे यूएस ८.५, ईयू ४२ आणि २६.५ सेंटीमीटर. यूकेच्या अर्ध्या नंबरात साधारण ४.२ मिलिमीटरचा फरक असतो, म्हणजे नाइकीत आठ नेमका बसणाऱ्याला ॲडिडासमध्ये साडेआठ लागू शकतो. कॉन्व्हर्सचा चक टेलर उलट मोठा निघतो, तो अर्धा नंबर खाली घालून बघावा. बायकांचे यूएस आकडे वेगळेच चालतात: नाइकीत पुरुषांचा यूएस ७ म्हणजे बायकांचा ८.५. ऑनलाइन घेताना यूएस आकडा वाचून यूकेच्या खान्यात टिचकी मारली की परतीची खटपट ठरलेली. म्हणून सेंटीमीटरचा आकडा धरा आणि कागदावरच्या मापापेक्षा अर्धा ते एक सेंटीमीटर मोठी जोडी घालून बघा.

लांबी जमली तरी बूट चावतो, कारण रुंदी. लहानपणापासून चपला घालणाऱ्याचा पाय पंज्यात पसरट असतो आणि बरेचसे साचे निमुळते. पुरुषांची नेहमीची रुंदी ‘डी’ म्हणून ओळखतात, रुंद म्हणजे ‘टू-ई’ आणि त्याहून रुंद ‘फोर-ई’. न्यू बॅलन्ससारखी कंपनी काही मॉडेलं या रुंदींत काढते, तशी मिळाली तर सोनंच. मिळाली नाही तर एक नंबर मोठा घेऊन रुंदी भागवायचा मोह होतो. त्यात पंजा सुटतो पण टाच उचलते, आणि बूट जिथे वाकायला हवा त्याच्या पुढे वाकतो. अर्ध्या नंबरापुढे जाऊ नका, साचाच बदला.

दुकानात दोन्ही पायांत घाला, लेस पूर्ण बांधा, पाचेक मिनिटं चाला, जिना असेल तर चढा-उतरा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच दोन-तीन मिलिमीटर हलली तर चालेल, मोज्यावरून सटकली तर नको. चवडा जिथे वाकतो तिथेच बुटाला घडी पडली पाहिजे. विक्रेता म्हणेल, ‘घालून घालून सैल होईल.’ खरं कातडं रुंदीत थोडं ताणतं, लांबीत नाही. रेग्झिनसारखं कृत्रिम कातडं कुठेच ताणत नाही.

तळ तीन तऱ्हेचे

जोडी उलटी करा आणि काठ बघा.

काठाला गोल फिरलेले टाके दिसले तर तो कपसोल. रबराची जाड वाटी, तिच्यात वरचा भाग बसवून चिकटवलेला आणि शिवलेला. नाइकीची एअर फोर्स १, ॲडिडासची सुपरस्टार, नाइकीचीच डंक आणि पहिली जॉर्डन ही सगळी मॉडेलं याच घरातली. वजनाला जड, सुरुवातीला ताठ, पण टाक्यांमुळे तळ सहसा सुटत नाही. पहिल्या जोडीसाठी आमचं मत इथेच पडतं.

काठाला रबराची पट्टी गुंडाळलेली आणि टाके नाहीत, तळ पातळ आणि लवचिक, तर तो व्हल्कनाइज्ड. चक टेलर, व्हॅन्स ओल्ड स्कूल. रबर भट्टीत तापवून पक्कं केलेलं असतं. जमीन पायाला कळते, म्हणून स्केटबोर्डवाल्यांचा हा लाडका. मात्र सपाट असतो. ज्याला दादर ते परळ पायी जायचं आहे त्याने आत वेगळा इनसोल, म्हणजे पायाखालची गादी, घालायची तयारी ठेवावी. पट्टी सुटते ती पंज्याच्या घडीपाशी, बाहेरच्या बाजूने.

तिसरा प्रकार फोमच्या मिडसोलचा, म्हणजे तळाच्या मधल्या थराचा, आणि इथे दोन मिनिटं थांबायला हवं. हा फोम दोन जातींचा असतो: ईव्हीए आणि पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. ईव्हीए हलका, अंगठ्याने दाबला की चटकन दबतो, आणि काही महिन्यांनी बसतो म्हणजे चपटा होतो. पीयू जड, दाट, चालताना जास्त दिवस तसाच राहतो. मग पीयू चांगला नाही का? कोरड्या हवेत चांगलाच. पण बुटांत वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच पीयूच्या साखळीत एस्टरचे बंध असतात आणि हवेतली वाफ ते बंध हळूहळू तोडते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बाहेरून जोडी नवीकोरी दिसते, पायात घालून चार पावलं टाकली की तळातून बिस्किटासारखे तुकडे पडतात. जॉर्डन ३ (१९८८) आणि जॉर्डन ४ (१९८९) यांच्या मिडसोलमध्ये पीयू असतो, त्यामुळे त्यांच्या जुन्या जोड्या ‘न वापरलेल्या’ म्हणून विकत घेताना सावध राहा. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत आठ-दहा वर्षं खोक्यात बंद असलेली पीयूची जोडी ही बघायची वस्तू, घालायची नव्हे. अधूनमधून पायात आलेली जोडी जास्त टिकते हा संग्राहकांचा अनुभव आहे, म्हणजे इथे जपून ठेवणंच बुटाच्या मुळावर येतं.

ओळखायचं कसं? खोक्यावर सहसा लिहिलेलं नसतं. मॉडेलच्या नावाने शोधून साहित्याची माहिती वाचा. जुनी जोडी हातात असेल तर मिडसोलच्या कोपऱ्यावर नख रोवून दाबा. खूण परत वर आली नाही, किंवा चिकट लागलं, तर खाली ठेवा.

वरचा भाग

कातडं, कृत्रिम कातडं, स्वेड (मखमलीसारखं लागणारं कातडं), कॅनव्हास, जाळी. चामड्याच्या खरेपणाची घरगुती परीक्षा: बोटाने हलकं दाबा. खऱ्या कातड्यावर बोटाभोवती बारीक सुरकुत्या पसरतात आणि बोट उचलल्यावर विरतात. प्लॅस्टिकचा थर असलेल्यावर एकच खळगा पडतो. ‘जेन्युइन लेदर’ या शब्दांवर फार जाऊ नका, पातळ निकृष्ट थरावर जाड रंग चढवलेलाही ‘जेन्युइन’च असतो. कृत्रिम कातडं वाईटच असं नाही, पावसात ते बरं पडतं. मात्र पंज्याच्या घडीवर त्याचा थर वर्षा-दोन वर्षांत तडकून सोलतो आणि त्यावर उपाय नाही. स्वेड देखणं, पण जून ते सप्टेंबर कपाटात. पहिल्या जोडीला स्वेड नको.

नाव आणि त्यामागची गोष्ट

आता नाव. चार गोष्टी ठाऊक असल्या की दुकानातल्या भिंतीसमोर गोंधळ उडत नाही.

एअर फोर्स १ ही १९८२ची, ब्रूस किलगोर यांनी बास्केटबॉलसाठी आखलेली. दोन वर्षांत ती बंद होणार होती. बाल्टिमोरच्या दुकानदारांनी आग्रह धरून नवे रंग मागवले म्हणून ती वाचली, आणि दर महिन्याला वेगळ्या रंगाची जोडी आणायची पद्धत तिथूनच रुळली. सुपरस्टार तिच्याहून जुनी, पुढे रबराचा शिंपला असलेली. न्यूयॉर्कच्या रन-डीएमसी या रॅप गटाने ती लेस न बांधता घातली. १९८६ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी हाक दिल्यावर प्रेक्षकांनी आपापले बूट हवेत उंचावले आणि ॲडिडासने त्यांच्याशी करार केला. खेळाडू नसलेल्यांशी बुटाचा एवढा मोठा करार तोवर कोणी केला नव्हता. आज अंधेरी-कुर्ल्याच्या रॅपरपासून पुण्याच्या रीलवाल्यापर्यंत जो तो पायाचा फोटो टाकतो, त्याचं मूळ त्या संध्याकाळी आहे.

ॲडिडासची सांबा मुळात थंडीत गोठलेल्या कडक मैदानांवरच्या फुटबॉलसाठी. २०२२नंतर ती फॅशनच्या लाटेवर चढली आणि एप्रिल २०२४मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ती घातल्यावर इतकी थट्टा झाली की त्यांनी सांबाप्रेमींची माफीच मागून टाकली. लाट कशी ओसरते याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. काळ्यापांढऱ्या ‘पांडा’ डंकचंही तेच. २०२१मध्ये ती मिळत नव्हती आणि लोक दुप्पट पैसे मोजत होते. कंपनीने पुन्हापुन्हा माल काढला आणि रीसेलचा, म्हणजे पुन्हा विकायचा, भाव खाली आला. पहिली जोडी गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

तर घ्यायची कोणती? पांढरी किंवा मळखाऊ पांढरी, खालच्या उंचीची, कपसोलवाली, शक्यतो खऱ्या कातड्याची. ती सरळ जीन्सवर जाते, कुर्त्यावर जाते, ऑफिसच्या शुक्रवारी जाते. जाड तळाच्या जोडीवर पॅन्ट सरळ किंवा ढगळ असू द्या. घट्ट पॅन्टखाली जाड बूट म्हणजे काडीला लावलेला बटाटा.

किमतीबद्दल एक बारीक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के आणि त्यावरच्या जोडीवर १८ टक्के जीएसटी आहे. उंबरठ्याच्या जरा वरच्या किमतीत घासाघीस करताना हे लक्षात असू द्या. त्या टप्प्यावर दुकानदाराला किंमत खाली आणणं परवडू शकतं.

खरी की फर्स्ट कॉपी

बाजारात ‘फर्स्ट कॉपी’, ‘सेव्हन ए’, ‘मास्टर कॉपी’ असे शब्द ऐकू येतील. कुठलाही अधिकृत दर्जा त्यांच्यामागे नाही, सगळ्या नकलाच. खोट्या खुणेचा माल विकणं ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे. आपल्या पायाच्या दृष्टीने मोठा मुद्दा वेगळा: नक्कल करणारा जिथे डोळा जातो तिथे खर्च करतो आणि जिथे जात नाही तिथे वाचवतो, म्हणजे फोम, गोंद आणि टाचेच्या आतला कडक पुठ्ठा.

तपासणी या क्रमाने करा. आधी खोकं. भारतात अधिकृत वाटेने आलेल्या खोक्यावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि मूळ देश लिहिलेला स्टिकर असतो, कारण वेष्टनातल्या मालाचे नियम तसं सांगतात. परदेशातून कोणी आणलेल्या जोडीवर तो नसेल, त्यावरून ती खोटी ठरत नाही. पण ‘कंपनी आउटलेटचा माल’ म्हणणाऱ्याकडे स्टिकर नसेल तर तिथेच संवाद संपला.

मग स्टाइल कोड. नाइकीत अक्षरं-आकडे मिळून सहा, मग तीन आकडे रंगाचे. पूर्ण पांढऱ्या एअर फोर्स १चा कोड सीडब्ल्यू२२८८-१११. खोक्यावरचा आणि जिभेच्या आतल्या चिठ्ठीवरचा कोड जुळायला हवा, आणि तो शोधल्यावर नेमकी तीच जोडी, त्याच रंगात, यायला हवी. इथे नवखे एक गफलत करतात. कोड जुळला म्हणजे जोडी खरी, असं समजतात. कोड छापायला काही लागत नाही. जुळला नाही तर खोटी, हे मात्र नक्की. चिठ्ठीवरचा मापाचा नंबर डाव्या-उजव्या बुटात वेगळा निघाला तर कोणीतरी दोन जोड्यांची खिचडी केली आहे.

तिसरं, दोन्ही बूट टाचेला टाच लावून टेबलावर ठेवा. पुढचा चोच-भाग, बाजूच्या खुणेचं टोक, टाचेवरची शिवण यांची उंची दोन्हीकडे सारखी हवी. चौथं, टाके मोजा: एका बाजूला दोन सेंटीमीटरमध्ये किती, दुसऱ्या बाजूला किती. खऱ्या मालातही एखादा टाका वाकडा असतो, पण अंतर बदलत नाही. पाचवं, इनसोल उचला. खाली नीट शिवलेलं कापड आणि थोडा गोंद दिसला तर बरं. पिवळट ओला गोंद, पुठ्ठा आणि डोळ्यांत जाणारा वास आला तर परत ठेवा. सहावं, टाच दोन बोटांत धरून आत दाबा. सहज चेपली तर आतला आधार स्वस्त आहे.

जुना माल घ्यायचा असेल तर कामाठीपुऱ्याजवळची दीड गल्ली शुक्रवारी पहाटे भरते, चारच्या सुमाराला. टॉर्च न्या, रोख न्या, आणि वरच्या सहा तपासण्या अंधारात करायची तयारी ठेवा. तिथे चोरीचा मालही फिरतो असं लोक उघड बोलतात. अगदी नवी जोडी फुटकळ भावात समोर आली तर ती कोणाच्या दारातून उचलली असेल याचा विचार करा आणि पुढे चला. ऑनलाइन जुनी जोडी घेताना विक्रेत्याकडे फोटो मागा: चिठ्ठीचा, तळाचा, इनसोलखालचा, आणि आजची तारीख लिहिलेल्या कागदाशेजारी ठेवलेल्या जोडीचा. तो टाळाटाळ करतो का, यावरूनच निम्मं कळतं.

रीसेलवाले बोलतात तेही समजून घ्या. डेडस्टॉक म्हणजे कधी न घातलेली. बीटर म्हणजे रोजची, हाल सोसणारी. कलरवे म्हणजे रंगांची मांडणी. लेगिट चेक म्हणजे तुम्ही आत्ता केलात तो उद्योग.

लेस

भोकांच्या पाच-सहा जोड्या असतील तर लेस साधारण ११० ते १२० सेंटीमीटर, सात-आठ असतील तर १२० ते १४०, घोट्यावर चढणाऱ्या बुटाला १६० ते १८०. खात्री हवी तर जुनी लेस काढून मोजा. टाच उचलत असेल तर सगळ्यांत वरच्या दोन भोकांत, त्याच बाजूला, लेसचा छोटा फास ठेवा, समोरच्या बाजूची लेस त्यातून ओवून खाली ओढा आणि मग गाठ मारा. सैल टाचेवर हा फुकटचा उपाय आहे.

धुण्याची पद्धत

वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. गरम पाण्याने गोंद ढिला पडतो, ढवळण्याने आतला पुठ्ठा वाकतो आणि वाळल्यावर बूट केळ्यासारखा वर वळतो. ब्लीचही नको. पांढरी जाळी त्याने आधी उजळते आणि मग कायमची पिवळी पडते.

लागेल ते असं: अर्धा लिटर कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा चमचा, एक मऊ आणि एक जरा कडक टूथब्रश, दोन मायक्रोफायबर फडकी. लेस आणि इनसोल काढा. कोरड्या ब्रशने आधी माती झाडा. मातीवर पाणी पडलं की तिचा चिखल होऊन टाक्यांत शिरतो, आणि पांढऱ्या शिवणीवर तांबड्या मातीची रेघ कायमची बसते. नंतर कडक ब्रशने तळ आणि काठ. मग पाणी बदला, मऊ ब्रशने वरचा भाग, गोल गोल, तळहाताएवढा तुकडा एका वेळी, आणि फेस सुकायच्या आत फडक्याने टिपा. बूट पाण्यात बुडवायचा नाही. स्वेडला पाणीच लावायचं नाही, कोरडा ब्रश आणि पांढरं खोडरबर.

पांढऱ्या कॅनव्हासवर धुतल्यावर पिवळे नकाशे उमटतात ते घाणीचे नसतात. साबणाचा अंश आणि आतला गोंद पाण्याबरोबर कापडाच्या पृष्ठभागावर येतो, पाणी उडून जातं आणि तो तिथेच राहतो. म्हणून शेवटच्या पाण्यात लिटरला एक छोटा चमचा पांढरं व्हिनेगर घाला, ओल्या फडक्याने दोनतीनदा पुसा, आणि बूट ओला असतानाच पांढऱ्या टिश्यूच्या दोन थरांत घट्ट गुंडाळा. पिवळेपणा कागदावर येतो. कागद सुकून सोलताना तो डाग कागदाबरोबर निघालेला डोळ्यांनी दिसतो.

वाळवताना आत साधा कोरा कागद कोंबा, दोन तासांनी बदला. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या अस्तरावर उमटते. पंख्याखाली चोवीस तास, उन्हात नाही.

पिवळा पडलेला रबरी काठ हे वेगळं दुखणं, ते हवा आणि उजेडाचं काम. पार्लरच्या सामानाच्या दुकानात मिळणारं ४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर क्रीम, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, हातमोजे घालून फक्त काठावर लावतात, वरच्या भागाला आधी चिकटपट्टी लावतात, पातळ प्लॅस्टिक गुंडाळून तासभर उन्हात ठेवतात आणि दर वीस मिनिटांनी फिरवतात. क्रीम सुकलं तर चट्टे पडतात. उतरलेला पिवळेपणा वर्षभरात परतही येतो. आमच्या मते पहिल्या जोडीवर हा प्रयोग करू नये, मळखाऊ काठ चांगलाच दिसतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर. तुंबलेल्या पाण्यातून स्नीकर घालून जायचंच नाही, पिशवीत रबरी चप्पल ठेवा. जोडी भिजलीच तर घरी आल्या आल्या इनसोल बाहेर, लेस बाहेर, जीभ पुढे ओढून तोंड उघडं. रस्त्याचं पाणी असेल तर आधी स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर वास मुरतो. हेअर ड्रायरचा मोह आवरा. पूर्ण सुकायला दमट हवेत दोन दिवस लागतात, म्हणून पावसाळ्यात एकाच जोडीवर भागत नाही.

साठवायची असेल तर आधी पूर्ण कोरडी करा. ओलसर जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली की आपण बुरशीची शेती केली. कोरड्या जोडीबरोबर खोक्यात सिलिका जेलच्या दहा ग्रॅमच्या दोन पुड्या टाका. रंग बदलणारे दाणे घेतले तर कधी भरले ते कळतं. नारिंगी दाणे हिरवे पडले की काचेच्या भांड्यात काढून ओटीजीमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा नारिंगी होतील. प्लॅस्टिकची पुडी तशीच तापवू नका. कपाटातल्या डांबरगोळ्या ओलावा शोषत नाहीत, नुसता वास सोडतात. बूट पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून तासभर पंख्याखाली ठेवा. कातड्यावर पांढरी बुरशी दिसली तर घराबाहेर कोरड्या फडक्याने झाडा, व्हिनेगर-पाणी निम्मेनिम्मे करून पुसा आणि सुकू द्या. ते फडकं दुसऱ्या जोडीला वापरू नका.

तळ उघडला तर

फेविक्विकला हात लावू नका. ते काचेसारखं कडक होतं आणि बूट नेमका जिथे वाकतो तिथेच तडकतं, शिवाय त्याचा कडक थर खरवडून काढताना रबर फाटतं. मोचीकाकांकडे नेणार असाल तर एवढं विचारा: जुना गोंद काढणार का? त्यावरच नवा थापला तर महिनाभरात परत जाल.

घरी करायचं तर फेविबाँडसारखा लवचिक रबरी गोंद घ्या. फट पूर्ण उघडा, जुना गोंद खरवडा, दोन्ही बाजूंना १०० नंबरच्या पॉलिशपेपरने खरखरीत करा, नखांचा रंग काढायच्या ॲसिटोनचा बोळा फक्त आतल्या रबरावर फिरवा. रंगवलेल्या बाहेरच्या बाजूला लागला तर रंग उतरतो, आणि फोमला लागला तर फोम खराब होऊ शकतो. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकटेल पण बोटाला गोंद येणार नाही, अशी अवस्था यायला हवी. ओल्यावरच दाबणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक, त्यात आतला द्रव अडकून राहतो आणि जोड कधीच पक्का होत नाही. एका टोकाकडून दुसरीकडे दाबत न्या, म्हणजे हवा अडकत नाही. आत कागद कोंबून बुटाचा आकार भरा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बाहेरून घट्ट गुंडाळा. चोवीस तास तसंच राहू द्या, आणि पहिल्या दिवशी जिने चढू नका.

फट उघडल्यावर आत रबराऐवजी भुगा दिसला, तर तो विरलेला पीयू आहे. त्यावर कुठलाही गोंद धरत नाही. आख्खा तळ बदलून देणारे कारागीर मुंबईत आणि पुण्यात सापडतात, पण त्यांनी सांगितलेला भाव ऐकल्यावर आधी नव्या जोडीची किंमत बघा.